पीळ, पेड आणि ऊर्ध्वबंध : कृष्णवर्णीयांच्या केशरचनेची परिभाषा

अमेरिकेच्या भूदलाने 31 मार्च 2014 रोजी गणवेश व वेशभूषा यांविषयीच्या आपल्या नियमावलीची सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत स्त्री-सैनिकांच्या केशरचनेसंबंधी अनेक व्याख्या होत्या. त्यांतील ‘ट्विस्ट’ या शब्दाची व्याख्या साधारणपणे अशी : केसांचे दोन स्वतंत्र पेड एकमेकांभोवती वळून त्यांना दोरासारखे रूप आणणे. कोणाही कोशकाराने मान डोलवावी इतकी ही व्याख्या नेटकी आहे. मात्र तिचा उपयोग बहुतेक सर्व प्रकारचे ट्विस्ट निषिद्ध ठरविण्याकडे करण्यात आला होता. दुसरीकडे, त्याच नियमावलीचा असाही दंडक होता की, लांब केस वर उचलून बांधलेले असावेत आणि ते गणवेशाच्या गळपट्टीच्या खाली उतरू नयेत. सरळ केसांच्या स्त्रीला ही अट अंबाडा घालून पुरी करता येते. घट्ट कुरळ्या केसांच्या स्त्रीला ते केस नैसर्गिक अवस्थेत ठेवून ही अट पाळावयाची असेल, तर सर्वांत सोयीचे साधन म्हणजे पीळ. आणि नेमके तेच काढून घेतले गेले होते.

शब्दाची व्याख्या अचूक असावी आणि तिच्या आधारे केलेला नियम मात्र चुकीचा ठरावा, असे येथे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आफ्रिकी-अमेरिकी समाजातील पीळदार ऊर्ध्वबंधाची, म्हणजे पिळांनी रचून डोक्यावर उचलून बांधलेल्या केशरचनेची, घडण प्रथम पाहू. तदनंतर तिच्या शब्दसंपत्तीकडे आणि त्या शब्दांनी कचेरीत, न्यायालयात व शाळेत जे परिणाम घडविले त्यांकडे वळू.

प्रथम मराठी संज्ञांचा प्रश्न. केसांच्या बांधणीविषयी मराठी दरिद्री नाही. वेणी, अंबाडा, खोपा, बुचडा, तिपेडी, चौपेडी, पाचपेडी हे शब्द आपल्या घरोघर होते आणि त्यांतील बरेच अजूनही आहेत. दारिद्र्य आहे ते केसांच्या पोताविषयी. ‘कुरळे’ या एका शब्दात आपण किंचित लाट असलेल्या केसांपासून स्प्रिंगसारख्या बारीक वेटोळ्यांच्या केसांपर्यंत सर्व काही कोंबतो, आणि त्यापुढे गेलो की एकदम ‘राठ’ म्हणतो. यांतील पहिला शब्द अपुरा आहे. दुसरा तर वर्णनाच्या आवरणाखाली निंदाच करतो. या लेखापुरते अशा केसांना ‘वेटोळे केस’ म्हटले आहे. इंग्रजी ‘टू-स्ट्रँड ट्विस्ट’साठी ‘दुपेडी पीळ’ आणि डोक्याच्या कातडीला लगटून जाणाऱ्या ‘फ्लॅट ट्विस्ट’साठी ‘बसका पीळ’ अशी नावे योजिली आहेत. ‘नॅचरल’ या विशेषणास येथे विशिष्ट अर्थ आहे : रसायनांनी सरळ न केलेले केस. केस कितीही गुंफले, पिळले वा रचले, तरी ते या अर्थाने ‘नॅचरल’च राहतात. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे न्यायालयात ती निर्णायक ठरली आहे.

वेटोळ्या केसाचा छेद वर्तुळाकार नसून चपटा, लंबवर्तुळाकार असतो, आणि ज्या मुळातून तो उगवतो ते मूळही वक्र असते. त्यामुळे केस जन्मतःच वळत जातो. या घडणीपासून तीन परिणाम संभवतात. डोक्याच्या कातडीतून स्रवणारे तेल सरळ केसावरून सहज उतरते. वेटोळ्यावरून ते टोकापर्यंत पोचत नाही, म्हणून टोके कोरडी राहतात. प्रत्येक वळणाशी केस नाजूक असतो आणि कोरडा असताना विंचरला तर तेथेच तुटतो. तिसरे असे की, ओला केस ताणला असता जेवढा लांब भरतो, त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी तो वाळल्यावर दिसतो. हे आखडणे म्हणजे वाढ खुंटणे नव्हे, हे अपरिचितांना पटवून देणे आजही अवघड जाते.

आता दुपेडी पीळ. ओलसर केसांत स्निग्ध द्रव्य लावून प्रथम बोटांनी व मग रुंद दातांच्या कंगव्याने, टोकाकडून मुळाकडे असा, गुंता सोडविला जातो. भांग पाडून केसांचे भाग करतात. एक भाग घेऊन त्याचे दोन पेड करतात आणि ते एकमेकांभोवती टोकापर्यंत गुंडाळीत नेतात. दोर वळणाऱ्याला यातील तत्त्व सांगावे लागणार नाही. प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ भरावा आणि दोन्ही पेड परस्परांभोवती उलट दिशेने वळावेत, म्हणजे एकाची उकलण्याची ओढ दुसऱ्याची ओढ रोखून धरते. सरळ केसांत एवढे करूनही टोक बांधावेच लागते, नाही तर हात सोडताच पीळ उकलतो. वेटोळ्या केसांत मात्र केसाचे अंगचे वळणच पेडांना परस्परांत अडकवून ठेवते. टोक बोटाभोवती एकदा फिरविले की ते आपोआप वेटोळे घालून बसते. म्हणजे ही कला त्या पोताच्या प्रवृत्तीचा उपयोग करून घेते. तिपेडी वेणीच्या मानाने पीळ लवकर घातला जातो, लवकर उकलतो आणि अधिक फुगीर दिसतो.

बसका पीळ याहून कौशल्याचा. येथेही पेड दोनच असतात, पण प्रत्येक वळशागणिक भांगालगतचे थोडे थोडे केस उचलून पेडात मिळवीत जावे लागते, त्यामुळे पीळ डोक्यावर चिकटून चालतो. (कॉर्नरो या प्रकारात हेच तीन पेडांनी आणि खालून गुंफीत केले जाते.) पीळ कोठून कोठे न्यावयाचा हे भांगावर अवलंबून असल्यामुळे रचनेचा आराखडा खरा भांगातच असतो. ऊर्ध्वबंधासाठी मानेवरचे पीळ खालून वर चढवितात, कपाळाकडचे पुढून मागे किंवा एका बाजूस तिरपे नेतात, आणि सर्व माथ्यापाशी एकत्र आणतात. उरलेली मोकळी टोके तेथे गुंडाळून, एकमेकांखाली दडपून आकड्यांनी बसवितात. अशा केसांत आकडा घसरत नाही, त्यामुळे थोडक्या आकड्यांवर बरीच उंच रचना उभी राहते. कोणी माथ्यावर एकच भरदार बुचडा करतात, कोणी पीळ मुकुटासारखा डोक्याभोवती फिरवितात, तर कोणी लहान लहान गाठींच्या ओळी ठेवतात.

यात शोभेखेरीज एक व्यावहारिक लाभ आहे. केसांचा सर्वांत जुना व दुबळा भाग, म्हणजे टोके, आत झाकली जातात. रोजचे विंचरणे टळते. म्हणूनच इंग्रजीत अशा रचनांना ‘प्रोटेक्टिव्ह’, म्हणजे संरक्षक, असे विशेषण लागले. रात्री त्यावर रेशमी किंवा सॅटिनचा रुमाल बांधतात, कारण सुती उशी केसांतील ओलावा शोषते. पण बांधणी घट्ट झाली की संरक्षक रचना मारक होते : कपाळाच्या व कानशिलाच्या कडेचे केस सतत ताणले गेल्याने तेथे टक्कल पडू लागते. चांगली केशकार स्त्री पीळ घालताना कडेच्या केसांशी हात सैल सोडते, तो यासाठी.

आता शब्दांकडे वळू. ‘ट्विस्ट’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘दोन’ ही कल्पना आहे. ‘टू’, ‘ट्विन’, ‘ट्वाइन’ हे त्याचे सगोत्र, आणि पलीकडे आपले ‘द्वि’ व ‘दोन’ हेही त्याच कुळातले. त्या दृष्टीने ‘टू-स्ट्रँड ट्विस्ट’ ही द्विरुक्तीच होय. परंतु आज इंग्रजी भाषकाला ते ‘दोन’ ऐकू येत नाहीत, म्हणून ते पुन्हा सांगावे लागतात. सांगण्याचे दुसरेही कारण आहे. ‘फ्रेंच ट्विस्ट’ या युरोपीय रचनेत पेड नसतातच. सगळे केस एकत्र करून त्यांची एक उभी सुरळी वळलेली असते. एकाच नामाने दोन अगदी भिन्न क्रिया दर्शविल्या जातात, आणि त्यांपैकी एक नाट्यगृहात व मेजवानीत शतकभर प्रतिष्ठित राहिली, तर दुसरीवर बंदी आली.

याहून बोलका शब्द ‘किंक’. हा डच किंवा निम्न-जर्मनमधून इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ दोराला पडलेला पीळ वा अढी. म्हणजे ‘ट्विस्ट’ आणि ‘किंक’ हे दोन्ही शब्द अर्थाने दोरखंडाच्या परिसरातले. पण पहिला मनुष्याने हेतुतः घातलेल्या पिळाला लावला जातो, दुसरा नको असताना पडलेल्या पिळाला. ‘किंकी’ हे विशेषण कृष्णवर्णीयांच्या केसांना लागले तेव्हा हा ‘नको असताना’ त्याच्याबरोबर आला. ‘नॅपी’ हा शब्दही असाच. कापडावरच्या लवेपासून निघाला आणि शिवी होऊन बसला. याच्या उलट टोकाला ‘गुड हेअर’, ‘चांगले केस’, म्हणजे सरळ किंवा सरळपणाकडे झुकणारे. हा प्रयोग बाहेरच्यांनी केला असता तर त्याचे विश्लेषण सोपे होते. तो समाजाच्या आतही पिढ्यान् पिढ्या चालला. केशकार आंद्रे वॉकर यांनी 1990 नंतरच्या दशकात केसांचे एक ते चार असे प्रकार पाडले. पुढे अक्षरे जोडून ‘4सी’पर्यंतचे उपप्रकार रूढ झाले. आकडा व अक्षर यांना निंदेचा वास नाही, हे खरे. पण एकपासून चारपर्यंतची ओळ मांडली की पायऱ्या दिसू लागतात, आणि 4सी हा शेवटच्या पायरीवर राहतो. माझ्या मते येथे नव्या परिभाषेने जुनी उतरंड पुरती मोडलेली नाही.

शब्दार्थ वक्त्याच्या समाजानुसार कसा उलटतो याचे उत्तम उदाहरण ‘पर्म’ हे आहे. गोऱ्या अमेरिकनाच्या बोलण्यात ‘पर्म’ म्हणजे सरळ केस रसायनाने कुरळे करणे; आफ्रिकी-अमेरिकी बोलण्यात ‘पर्म’ म्हणजे कुरळे केस रसायनाने सरळ करणे. दोहोंत ‘कायम’ हा अंश समान आहे, बदल मात्र परस्परविरुद्ध. तसेच ‘कॉर्नरो’. अमेरिकेत ही रचना मक्याच्या ओळींच्या नावाने ओळखली जाते, तर कॅरिबियन बेटांत तिलाच ‘केनरो’, म्हणजे उसाच्या ओळी, म्हणतात. गुलामांना ज्या शेतांत राबावे लागले, त्या शेतांतील पिकांचा भूगोल या दोन नावांत उरला आहे. आणखी एक शब्द म्हणजे ‘किचन’ : मानेवरच्या, सर्वांत घट्ट वेटोळ्यांच्या केसांचे हे घरगुती नाव. हेन्री लुई गेट्स यांनी 1994 च्या आपल्या आत्मकथनात या शब्दावर एक प्रकरणच लिहिले आहे. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना लनिटा जेकब्स-ह्यूई यांचा 2006 चा ग्रंथ अधिक उपयोगी पडेल. त्याच्या शीर्षकातही याच शब्दावर श्लेष आहे. केशकार स्त्रिया ग्राहकाशी बोलताना वैद्याची भाषा कशी स्वीकारतात, केसांचे ‘निदान’ कसे करतात आणि त्यायोगे आपले व्यावसायिक ज्ञान कसे सिद्ध करतात, हे त्यांनी प्रत्यक्ष संभाषणांवरून दाखविले आहे. ऊर्ध्वबंधाच्या दृष्टीने ‘किचन’चे महत्त्व उघड आहे. केस मोकळे असता जो भाग झाकलेला राहतो, तोच केस वर उचलताच सर्वांच्या नजरेस पडतो. सरळ केलेल्या केसांचा काळ होता तेव्हा हाच भाग आधी उलटून पुन्हा वेटोळा होई व चारचौघांत संकोच आणी. पिळांचा ऊर्ध्वबंध मानेपासूनच सुरू होतो; लपविण्याचा भाग त्यात रचनेचा पाया होतो.

अटलांटिकच्या पूर्वेस या कलेची परिभाषा निराळीच आहे. नायजेरियातील योरुबा भाषेत बोटांनी गुंफलेल्या केसांस ‘इरुन दिदी’ व दोरा गुंडाळून उभ्या केलेल्या केसांस ‘इरुन किको’ अशी दोन वर्गनामे असून, केशकार स्त्रीस ‘ओनीदिरी’ म्हणतात. प्रत्येक रचनेस स्वतंत्र नाव असते. सर्व गुंफणी वर जाऊन माथ्याशी टोपलीसारखी मिळते ती ‘शुकू’; मानेकडून पुढे येते ती ‘इपाको एलेदे’, म्हणजे डुकराची मान; पुढून निघून मानेशी बारीक होत संपते ती ‘कोलेसे’, म्हणजे पाय नसलेली. या नावांत चांगल्या-वाईट केसांचा उल्लेख कोठे नाही. आहे तो दिशेचा, आकाराचा आणि काहीशा विनोदाचा. छायाचित्रकार ओखाय ओजेइकेरे (1930–2014) यांनी 1968 पासून अशा रचनांची शेकडो छायाचित्रे घेतली. त्यांतील पुष्कळशी पाठीमागून घेतलेली आहेत. चेहरा दिसत नाही, बांधणी दिसते. आमच्या विभागात रूपिमांचे वर्गीकरण शिकविणाऱ्यांनी ती एकदा पाहावीत.

‘बांटू नॉट्स’ हे नाव मात्र विचार करावयास लावणारे आहे. डोक्याचे भाग पाडून प्रत्येकाचा पीळ स्वतःभोवतीच गुंडाळला की ज्या छोट्या गाठी बसतात, त्यांना अमेरिकेत हे नाव आहे. ‘बांटू’ ही संज्ञा विल्हेल्म ब्लीक यांच्या 1862 च्या तौलनिक व्याकरणामुळे भाषाकुलाचे नाव म्हणून रूढ झाली. ‘-न्टू’ हा मनुष्यवाचक धातू आणि ‘बा-’ हा अनेकवचनी उपसर्ग. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी राजवटीने हाच शब्द शासकीय वर्ग म्हणून वापरला. 1953 चा बांटू शिक्षण कायदा कुप्रसिद्धच आहे. त्यामुळे ज्या देशात बांटू भाषा बोलल्या जातात तेथे माणसांना उद्देशून हा शब्द अपमानकारक झाला, आणि महासागरापलीकडे तोच शब्द वारशाचा अभिमान म्हणून केसांत माळला गेला. भाषाशास्त्रज्ञांनी घडविलेल्या संज्ञा प्रयोगशाळेतच राहत नाहीत, हे आपणा सर्वांना ठाऊक असलेच पाहिजे.

केसांवर सत्तेने नियम करण्याची परंपरा जुनी आहे. लुइझियानाचा स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने 1786 मध्ये स्वतंत्र कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय स्त्रियांना केस ‘टिन्याँ’ नावाच्या फडक्याने झाकण्याची आज्ञा केली. त्या स्त्रियांनी ते फडकेच इतक्या ऐटीत बांधले की ते भूषण ठरले. विसाव्या शतकात हा वाद न्यायालयात गेला, आणि तेथे तो शब्दांवर येऊन ठेपला. 1976 च्या एका निर्णयात सातव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने आफ्रो केसांमुळे नोकरीत डावलल्याची तक्रार वर्णभेदाची मानली. परंतु 1981 मध्ये रॉजर्स विरुद्ध अमेरिकन एअरलाइन्स या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने कॉर्नरोंना ते संरक्षण नाकारले. आफ्रो नैसर्गिक असू शकेल, पण गुंफण ही कृत्रिम व सहज बदलता येणारी आहे, असा त्याचा आशय होता. कंपनीचा तोडगा असा की, फिर्यादी स्त्रीने केस अंबाड्यात बांधून कामाच्या वेळी त्यावर कृत्रिम केसांचा तुकडा गुंडाळावा. तिचे डोके त्याने दुखते, असे तिने सांगितल्यावर, मोठा तुकडा वापरावा अशी सूचना न्यायालयाच्या निर्णयात आढळते. ‘नैसर्गिक’ केस कृत्रिम केसांखाली झाकण्याचा हा उपाय ‘कृत्रिमते’च्या विरोधात सुचविला गेला, यातील विसंगती कोणाच्या लक्षात आली नसावी.

‘नॅचरल’ शब्दाचे दोन अर्थ येथे एकमेकांवर आदळले. समाजाच्या अर्थाने विरोधी पद होते ‘रसायनाने सरळ केलेले’. न्यायालयाच्या अर्थाने ‘हाताने रचलेले’. दुसरा अर्थ घेतला की केवळ न विंचरलेले केसच नैसर्गिक उरतात. 2016 मध्ये अकराव्या मंडळाच्या अपील न्यायालयानेही असाच भेद केला : केसांचा पोत जन्मजात, म्हणून संरक्षित, जटांसारखी रचना बदलता येणारी, म्हणून असंरक्षित. अलाबामातील मोबील येथे एका स्त्रीला, ती जटा काढावयास तयार नाही म्हणून, देऊ केलेली नोकरी नाकारण्यात आली होती. 1964 च्या नागरी हक्क कायद्यात ‘रेस’ शब्दाची व्याख्या नसल्यामुळे न्यायाधीशांनी त्या काळचे शब्दकोश उघडून पाहिले. कोशाच्या नोंदीवर एका माणसाची उपजीविका अवलंबून राहिल्याचे हे उदाहरण कोशविद्येच्या वर्गात सांगण्याजोगे आहे.

भूदलाची नियमावली मात्र लवकर बदलली. 2014 च्या आवृत्तीत ‘अनकेम्प्ट’ व ‘मॅटेड’, म्हणजे गबाळे व गुंतलेले, ही विशेषणे या रचनांसंबंधी आली होती. त्यांवर सैनिक स्त्रियांनी व काँग्रेसमधील कृष्णवर्णीय स्त्री-सदस्यांनी आक्षेप घेतला. संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी फेरविचार करविला, आणि ऑगस्ट 2014 मध्ये ती विशेषणे वगळून दुपेडी पिळांना मुभा देण्यात आली. 2017 च्या आरंभी जटांनाही परवानगी मिळाली. 2021 च्या सुधारणेत आक्षेपार्ह शब्द काढून टाकण्याचे काम स्वतंत्रपणे हाती घेतले गेले. 2014 ची व्याख्या आपण पाहिलीच. वळण्याची क्रिया तीत बिनचूक होती. कोणत्या केसांना त्या क्रियेवाचून गत्यंतर नाही, हे तिने सांगितले नव्हते, आणि व्याख्येकडून ती अपेक्षाही नसते. नियम करणाऱ्याकडून असते.

कॅलिफोर्नियाने 3 जुलै 2019 रोजी ‘क्राउन’ कायदा मंजूर करून हा तिढा विधिमंडळातच सोडविला. ‘रेस’च्या व्याख्येत केसांचा पोत व संरक्षक केशरचना यांचा समावेश झाला, आणि संरक्षक रचना म्हणजे काय हे सांगताना वेण्या, जटा व पीळ अशी तीन नावे उदाहरणादाखल घातली गेली. ‘ट्विस्ट’ हा केशकर्त्यांचा शब्द अशा रीतीने मानवी हक्कांच्या कायद्यात दाखल झाला. पुढे अनेक राज्यांनी हाच मसुदा उचलला. संघराज्याच्या पातळीवर प्रतिनिधिगृहाने 2022 मध्ये असे विधेयक संमत केले, पण सिनेटमध्ये ते अडले.

नावे कायद्यात आली तरी अर्थाचा वाद संपला नाही. टेक्सासचा क्राउन कायदा 1 सप्टेंबर 2023 पासून अमलात आला. त्याच सुमारास ह्यूस्टनजवळच्या माँट बेल्व्ह्यू येथील एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास शाळेने वर्गाबाहेर काढले. त्याच्या जटा पीळ देऊन माथ्यावर बांधलेल्या होत्या. कपाळावर, कानांवर किंवा मानेवर त्या येत नव्हत्या. शाळेचा नियम मुलांच्या केसांच्या लांबीविषयी होता, आणि त्यात ‘सोडले असता’ एवढे दोन शब्द होते. म्हणजे लांबी बांधलेल्या केसांची मोजावयाची नसून बांधणी उकलल्यावर ते कोठवर पोचतील त्यावरून ठरवावयाची. विद्यार्थ्याच्या बाजूने म्हणणे असे की, पीळ व जटा बांधावयास लांबी लागतेच. रचनेला संरक्षण देऊन लांबीला न देणे म्हणजे नाव देऊन वस्तू काढून घेणे होय. कायद्याच्या शब्दांत लांबीचा उल्लेख नाही, यावर शाळेने भर दिला. 22 फेब्रुवारी 2024 रोजी राज्याच्या न्यायाधीशांनी शाळेचा नियम कायद्याचे उल्लंघन करीत नाही असा निर्णय दिला. फेडरल न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये त्याचे बहुतेक दावे फेटाळले. हा नियम मुलींना लागू नाही आणि मुलांना आहे, एवढ्या लिंगभेदाच्या मुद्द्यावर मात्र खटला पुढे चालू ठेवला.